धारा संपेपर्यंत

त्या पहाटे आर्डिसनं कॉफी नको म्हटलं, तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी पडलो माठ. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं कॉफीला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मुलीच्या वेळी बाळंतपणाच्या खाटेवरून उतरली नाही तोच हिनं आधी कॉफी मागितली होती, मग लेकीचं तोंड बघितलं होतं.

"बरं नाही का वाटत?" मी विचारलं.

"तोंड कडू झालंय. बूट घाल. गाई वाट बघतात."

गाई वाट बघतात म्हटलं की आमच्या घरात पुढचं बोलणं संपतं. मी बूट घातले.

जानेवारीचा दुसरा आठवडा. रात्रभर वारा होता आणि घरापासून गोठ्यापर्यंतची पायवाट बर्फानं भरून गेली होती. एरवी ती पुढं आणि मी मागं. त्या दिवशी निम्म्या वाटेवर ती थांबली. कपडे वाळत घालायच्या खांबाला धरून उभी राहिली. तोंडातून वाफ निघत होती, ती फार भरभर निघत होती.

"काय गं?"

"काही नाही. परवाची लाथ."

परवा पिपरनं तिला लाथ घातली होती. पिपर आमची पहिलारू, कास दुखरी आणि डोकं तिखट. लाथ बसली ती मी डोळ्यांनी बघितली होती. उजव्या मांडीवर बसली होती. आणि आता आर्डिसचा हात होता डाव्या खांद्याच्या खाली. हे मी बघितलं. बघितलं आणि तिच्या मागं चालत राहिलो. पावणेपाच वाजले होते, हेही मला पक्कं ठाऊक आहे, कारण गोठ्याच्या दारावरचं घड्याळ आत शिरताना मी रोज बघतो.

बावन्न गाई. आमच्याकडे धारा काढायची चार यंत्रं, दोन तिच्याकडे, दोन माझ्याकडे. कामाचा गडी नोव्हेंबरात पत्र्याच्या कारखान्यात निघून गेला होता, मुलगी टेक्सासात. म्हणजे आम्ही दोघंच. मी यंत्रांचा पंप सुरू केला. पंप सुरू झाला की गोठ्यात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून आम्ही फारसं बोलत नाही. ती बसते, सडं पुसते, यंत्राचे पेले लावते, उठते, पुढच्या गाईकडं जाते. बसायचं आणि उठायचं, बावन्नाचे निम्मे सव्वीस वेळा. गुडघे कुरकुरतात, पण हात आपोआप चालतात.

आठव्या गाईला तिच्या हातातून यंत्र खाली पडलं. शेणात. आर्डिसच्या हातून यंत्र शेणात पडलं हे गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी गाईंच्या पाठींवरून वाकून बघितलं. तिनं लोकरीची टोपी काढून टाकली होती आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता. पाण्याची बादली गोठेल अशा थंडीत घाम.

"दाढ दुखतेय," ती म्हणाली.

"दाढ की लाथ? एक काय ते ठरव."

मी हे थट्टेनं म्हणालो. जीभ झडायला हवी होती माझी.

ती हसलीसुद्धा. म्हणाली, "दोन्ही. तुला काय त्याचं?" आणि नवव्या गाईखाली बसली. बसताना तिनं कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं आणि तशीच राहिली. गाय पिपरच होती. पण पिपरनं पाय हलवला नाही. मान वळवून बघत राहिली. जनावराला कळलं आणि मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. मलाही कळलं होतं.

मी यंत्रं ठेवली आणि भिंतीपाशी गेलो. पंपाच्या खटक्यावर हात ठेवला.

"बंद केलास तर बघ," ती ओरडली.

"आर्डिस, दवाखान्यात जाऊ."

"आणि या? यांच्या कासा तुझा बाप उतरवणार का? धारा संपल्या की जाऊ."

"मग हार्लनला फोन करतो."

"किती वाजले?"

"सहाला पाच कमी."

"सहाला पाच कमी, आणि हार्लनला फोन करतो म्हणे. त्याच्या ऐंशी गाईंतल्या चाळीस झाल्या असतील. कोबी विसरलास का?"

झालं. कोबीचं नाव निघालं की माझं काही चालत नाही.

हार्लन म्हणजे आमच्या ओढ्यापलीकडचा शेजारी. आमच्या खोऱ्यातली रुग्णवाहिका त्याच्याकडे असते. पगारी माणसं नाहीत, पाच जण गावचेच, सगळे गाईवाले. कुणाचं काही झालं की हातातलं टाकून पळतात. पण पाच ते साडेसात, सकाळी आणि संध्याकाळी, त्यांना कुणी फोन करत नाही. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण ती धारांची वेळ, आणि दुसऱ्याच्या गाई अर्ध्यावर सोडायला लावणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी ओढण्यासारखं. या खोऱ्यात आजारी पडायचं तेही वेळ बघून.

हा शिरस्ता दोन वर्षांपूर्वी मी मोडला होता. संध्याकाळी सहाला छातीत कळ आली, घाबरलो, फोन केला. पाचही जण गोठ्यातल्या बुटांनिशी धावत आले. दवाखान्यात नेलं, तारा लावल्या, आणि निघालं काय, तर चर्चच्या जेवणात हादडलेला आंबट कोबी. दोन वर्षं झाली, पण धान्याच्या दुकानात शिरलो की कुणीतरी विचारतंच, "एल्डन, आज जेवणात काय होतं?" हार्लन तर चर्चच्या दारातसुद्धा सोडत नाही. मी आपला हसून घेतो. पण त्या हसण्यानं माझ्या हाताला लगाम बसला होता, हे त्या दिवशी कळलं.

मी खटक्यावरून हात काढला. तिच्या दोन यंत्रांपैकी एक मी घेतलं आणि धावपळ करत सुटलो. मनात एकच, लवकर संपव, लवकर संपव. तिच्याकडं बघायचं मी टाळत होतो. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

सात वाजून पाच मिनिटांनी बावन्नावी गाय झाली. मी पंप बंद केला, वळलो, तर ती दुधाच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. चेहरा राखेसारखा. वासराच्या बादलीत ओकली होती आणि ती बादली आता दुसऱ्या बादलीतल्या पाण्यानं खळबळून धुवायच्या बेतात होती.

"राहू दे ती."

"वास मारेल."

मी तिच्या हातातून बादली काढून घेतली, तेव्हा तिनं काढू दिली. त्यानं मला जी भीती वाटली तशी आयुष्यात वाटली नव्हती. या बाईच्या हातातून काम काढून घेणं एवढं सोपं कधीच नव्हतं.

दवाखाना सत्तावीस मैल. जुन्या गाडीत तिला चढवलं, पाय उचलून आत ठेवले. रस्त्यावर वाऱ्यानं बर्फाच्या लाटा आणून टाकल्या होत्या. दोन ठिकाणी गाडी रुतली, मी उतरून फावड्यानं उपसली. फावडं मारताना काचेतून तिच्याकडं बघत होतो. डोकं मागं टेकलेलं, डोळे मिटलेले. एकदा वाटलं की श्वास दिसत नाही. फावडं टाकून मी दारापाशी आलो.

"काय बघतोस?" ती डोळे न उघडता म्हणाली. "उपस की."

मग गाडीत ती बोलायला लागली, आणि ते बोलणं मला नको होतं.

"अकरा नंबरची आज-उद्या विईल. वासरू आडवं आहे असं वाटतंय. गुरांच्या डॉक्टरला आधी सांगून ठेव."

"तूच सांग."

"बटाट्याच्या पोळ्या फ्रीजमध्ये खालच्या खणात आहेत. लोणी लावून गरम कर, तशाच चावत बसू नकोस."

"आर्डिस, गप्प बस."

"लेकीला आताच कळवू नको. उगाच विमानाचं तिकीट काढेल."

मी समोरची काच पुसत राहिलो. तोंड उघडलं असतं तर रडणंच बाहेर आलं असतं. तिनं हातमोजा काढला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात गार होता आणि ओला होता.

आठ वाजून पाच मिनिटांनी पोचलो. छोटा दवाखाना, दहा-बारा खाटांचा. दारातल्या मुलीनं चाकाची खुर्ची आणली आणि विचारलं, "काय होतंय, आजी?"

"गाईनं लाथ मारली," आर्डिस म्हणाली. "बरगडीला. फोटो काढा आणि गोळी द्या, आम्हाला चारच्या आत घरी जायचंय."

मुलगी हसली. तिच्या बापाच्याही गाई असणार, तिला हे नवं नव्हतं. "फोटोवाला आत्ता येईल, वीसेक मिनिटं बसा," म्हणाली आणि कागद भरायला लागली.

मी बसलो. आर्डिसच्या बुटांवरचं शेण वितळून चकचकीत फरशीवर ओघळत होतं आणि ती पाय खुर्चीखाली ओढून घेत होती. भिंतीवर घड्याळ होतं. त्रेचाळीस वर्षं चारचौघांत बोलायचं ते हिनं आणि मान हलवायची ती मी. बँकेत तीच बोलायची, चर्चमध्ये तीच, पशुवैद्याशी भांडायची तीच. माझं त्यात बरं चाललं होतं. आता ती खोटं बोलली होती आणि मी मान हलवत बसलो होतो. आठ वाजून दहा झाले. आठ वाजून पंधरा. तिनं खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती.

मी उठलो.

"पोरी," मी म्हणालो, "लाथ मांडीला बसलीय. उजव्या. आणि परवा. हिच्या दाढेत आणि डाव्या खांद्याखाली दुखतंय, पहाटेपासून. ही खोटं बोलतेय."

"एल्डन," आर्डिस म्हणाली.

तिनं फक्त माझं नाव घेतलं. पण असं कधी घेतलं नव्हतं.

मुलीचं हसू गेलं. खुर्ची तिनं अशी फिरवली की बुटांचा चिखल भिंतीवर उडाला. आत पडद्यामागं नेलं, गळ्यापर्यंतचे कपडे कात्रीनं कापले, तारा चिकटवल्या. यंत्रातून कागद बाहेर आला. एक तरुण डॉक्टरीण आली, केसांचा अंबाडा सुटलेला, कागद बघितला आणि पुन्हा बघितला.

"हार्ट अटॅक आहे," ती मला म्हणाली. "मोठा. कधीपासून दुखतंय?"

"साडेसातपासून," खाटेवरून आर्डिस म्हणाली.

"पावणेपाचपासून," मी म्हणालो.

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. "नक्की? यावर पुढचं ठरायचंय."

"नक्की. घड्याळ बघितलंय."

"मग तीन तास काय करत होतात?"

"धारा काढत होतो."

"कुणी?"

"दोघांनी."

तिनं कागदावर वेळ लिहिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मुलीनं मान खाली घातली. माझ्या हातांना अजून दुधाचा वास येत होता, मी ते पाठीमागं लपवले.

"हृदयाच्या नळीत गुठळी अडकलीय," डॉक्टरीण भरभर सांगायला लागली. "नळी उघडायची सोय शहरात आहे, नव्वद मैल. या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही आणि रस्त्यानं न्यायला तीन तास लागतील. तेवढा वेळ नाही. गुठळी विरघळायचं औषध इथंच देते. पण त्यानं अंगात कुठंही रक्त वाहू शकतं. लाथ डोक्याला बसली नाही ना? पडली होती का? बरगडीला खरंच काही नाही?"

"मांडीला. मी समोर होतो. बघून घ्या."

"एल्डन, नको," आर्डिस म्हणाली.

तिची लोकरीची आतली विजार गुडघ्यावर तीन ठिकाणी ठिगळं लावलेली होती, एक ठिगळ माझ्या जुन्या शर्टाचं. त्रेचाळीस वर्षांत ती परक्या कुणी कधी बघितली नव्हती. मी स्वतःच्या हातानं ती खाली ओढली. मांडीवर खुराचा डाग होता, जांभळा आणि कडेनं पिवळा. आर्डिसनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

सुई आठ-तेहतीसला दिली.

मग वाट बघणं. डॉक्टरीण म्हणाली होती की औषध लागू पडताना हृदय मध्येच वेडंवाकडं चालू शकतं, घाबरू नका. मी आर्डिसचा पाय धरून उभा होतो, कारण तिचे हात सगळे तारांनी अडवले होते. वीस-बावीस मिनिटं झाली असतील. यंत्राचा आवाज अचानक बदलला. आर्डिसचे डोळे वर गेले आणि तिचा पाय माझ्या हातात जड झाला. मला कुणीतरी ढकलून पडद्याबाहेर काढलं. आत "बाजूला व्हा" असं ऐकू आलं आणि विजेच्या झटक्यानं खाट धाडकन वाजली.

मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर डोक्यात येईना. डोक्यात बावन्न गाईंची नावं येत होती, ओळीनं, ज्या ओळीनं बांधतो तशी. नवव्या गाईपाशी मी अडकायचो आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करायचो. मी फरशीवरच बसलो.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि हार्लन आला. अंगावर रुग्णवाहिकेचं जाकीट, पायात गोठ्याचे बूट, बाहीवर दूध सांडलेलं. शहरात न्यायला त्यालाच बोलावलं होतं.

"मला का नाही फोन केलास?" त्यानं विचारलं.

"तू धारा काढत होतास."

"म्हणून?"

मी मान हलवली.

"गाडीत तारांचं यंत्र आहे माझ्या. फोन केला असतास तर पाच मिनिटांत तुझ्या ओसरीवर उभा राहिलो असतो. सातला तिला सुई बसली असती. माझ्या गाई माझ्या बायकोनं काढल्या असत्या, नाहीतर गेल्या असत्या खड्ड्यात." त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. "कोबीमुळं का रे?"

हार्लन सहा फुटी माणूस, तो माझ्या शेजारी फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळत राहिला.

पडदा सरकला. डॉक्टरीण म्हणाली, "परत आली. आता निघायचं, लगेच."

आर्डिस जगली. शहरात नळी उघडून आत जाळी बसवली. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून चित्र दाखवलं. हृदयाचा हा एवढा भाग मेला, म्हणाला, तो आता परत यायचा नाही. मी विचारलं, सातला सुई मिळाली असती तर? तो सज्जन होता, आधी टाळलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "बराचसा वाचला असता. वेळ जातो तसतसं मांस मरतं." म्हणजे तिच्या छातीचा तो तुकडा आम्ही दुधाच्या टाकीत ओतला. तिनं विचारलं, काय म्हणत होता? मी म्हटलं, चांगलं आहे म्हणत होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बटाट्याच्या पोळ्या संपल्या का ते विचारलं.

तीस गाई विकल्या. पिपर ठेवली. एप्रिलमध्ये आर्डिस गोठ्यात यायला लागली. काम करायचं नाही, पालथ्या बादलीवर बसायचं आणि हुकूम सोडायचे. शंभर पावलं चालायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागतं. त्या खांबाला आता ती रोज धरते.

एप्रिलातल्याच एका संध्याकाळी वारा नव्हता. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि अकरावी गाय चालू होती. आर्डिस पाठीमागून सांगत होती, "त्या गाईचं डावं सड नीट पूस, परवा तू तसंच..." आणि वाक्य तिथंच थांबलं. मी वळलो. तिचा हात जबड्यावर होता.

"काही नाही," ती म्हणाली.

मी उठलो आणि भिंतीपाशी गेलो.

"एल्डन, अर्ध्या राहिल्यात."

मी खटका खाली ओढला. पंप थांबला. इतकी वर्षं धारांच्या मध्ये तो कधी थांबला नव्हता. कासांचे पेले एकेक करून गळून खाली पडले आणि बावीसच्या बावीस गाईंनी माना वळवल्या. गोठ्यात इतकं शांत झालं की मला तिचा श्वास ऐकू आला. भरभर येत होता.

"कासा सुजतील त्यांच्या."

"सुजू देत."

"आणि कोबी निघाला तर?"

"निघू दे."

मी तिला कोटात गुंडाळलं, दुधाच्या खोलीच्या पायरीवर टेकवून बसवलं आणि भिंतीवरच्या फोनवरून हार्लनला फोन लावला. त्यानं उचलला तेव्हा मागं त्याचा पंप धडधडत होता. मी म्हटलं, "आर्डिस. जबडा." तो म्हणाला, "निघालो."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि तिचा हात धरला. दार उघडं होतं. वारा नसला की ओढ्यापलीकडचा हार्लनचा पंप आमच्याकडं ऐकू येतो, रोज संध्याकाळी, साडेसातपर्यंत. आम्ही दोघं ऐकत होतो. तो बंद झाला.